बुलेट ३५०: १७ इंची चाकं आणि पुढचं १७ दातांचं स्प्रॉकेट, दोन्ही एकदमच करू का?

लांबचा_रस्ता

नमस्कार मंडळी. गाडी वडिलांची आहे. कास्ट आयर्न बुलेट ३५०, चार गिअर, गिअर उजव्या पायाला. ते गेल्यावर आठ वर्षं ती जिन्याखाली झाकून उभी होती. गेल्या वर्षी मी इंजिन उतरवलं, पिस्टन आणि रिंगा बदलल्या, आणि आता ती जवळजवळ रोज चालते.

अडचण अशी की ऐंशीला पोचली की पावलांना मुंग्या येतात, आरशात मागचं काही दिसत नाही, आणि पाय आपोआप अजून एक गिअर शोधायला लागतो. साठ-पासष्टला मात्र इतकी सुंदर चालते की थांबावंसं वाटत नाही.

स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रांचे, दात मोजले आहेत. इंजिनवर २५, क्लचला ५६, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर (म्हणजे पुढचं) १६, मागच्या ड्रमला ३८. टायर दोन्हीकडे ३.२५-१९. मागच्या रिमला गंज आहे आणि तीन तारा सैल झाल्या आहेत, त्यामुळे चाकाचं काहीतरी करावंच लागणार.

मित्राकडे १७ इंची अलॉय चाकांची जोडी पडून आहे, पुढे १००/८०-१७ आणि मागे १३०/७०-१७. बुश आणि स्पेसर करून बसतील असं तो म्हणतो. माझा विचार असा: अलॉय बसवायची, त्याच वेळी पुढचं स्प्रॉकेट १६ चं १७ करायचं, म्हणजे गाडी एकदाच उघडायची आणि एकदाच मिटवायची. चेन तीच चालेल का? स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल का? बहुतेक वेळा आम्ही दोघं असतो, वर सामान. वडिलांची गाडी आहे, बिघडवायची नाही. म्हणून आधी विचारतोय.

सत्तर_बाय_नव्वद

वडिलांची गाडी म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी ही गाडी बत्तीस वर्षं चालवतोय. ही दोन कामं एकत्र करू नकोस. का ते आकड्यांत सांगतो, कारण मलाही ते आकडे मांडल्यावरच कळलं, आणि तोवर उशीर झाला होता.

इंजिनपासून मागच्या चाकापर्यंतचा हिशेब सोपा आहे. क्लचला ५६ भागिले २५, म्हणजे २.२४. टॉप गिअर थेट आहे, तिथे १. मागे ३८ भागिले १६, म्हणजे २.३७५. गुणाकार ५.३२. मागचं चाक एकदा फिरायला क्रँक ५.३२ वेळा फिरतो. बहुतेक जण इथेच थांबतात. पण त्या एका फेरीत गाडी किती पुढे सरकली हे टायरच्या घेरावर ठरतं. चाक हाही गाडीचा एक गिअरच आहे, फक्त त्याला दात नाहीत म्हणून आपण तो मोजत नाही.

तुझा टायर ३.२५-१९. रिमचा व्यास १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. या जुन्या इंची मापांत टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरतात, म्हणजे वर-खाली ८२.५. बाहेरचा व्यास ६४८, घेर सुमारे २०३५ मिलिमीटर. आता १३०/७०-१७ घे. रिम ४३१.८, उंची १३० च्या ७० टक्के म्हणजे ९१, तीही दोन्हीकडे. व्यास ६१४, घेर १९२८. दर फेरीला १०७ मिलिमीटर कमी, म्हणजे सव्वापाच टक्के गिअर खाली आला. आणि सोळाचे सतरा दात करून तो वर किती जातो? सव्वासहा टक्के. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

ऐंशीच्या वेगाला बघ. आज तुझं इंजिन ३४८५ आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास आहे. नुसती अलॉय बसवलीस तर ३६८० होईल, म्हणजे मुंग्या वाढतील. नुसतं १७ चं स्प्रॉकेट टाकलंस तर ३२८०. आणि दोन्ही केलंस तर ३४६३. इतकी उलथापालथ करून हाती बावीस आरपीएम.

मी हेच केलं होतं. चार रविवार गेले. गाडी रस्त्यावर आणली तर ऐंशीला तीच थरथर. मला वाटलं दोष इंजिनात आहे. कार्ब्युरेटर उघडला, टायमिंग पुन्हा लावलं, इंजिनचे बोल्ट आवळले. शेवटी एका संध्याकाळी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, गाडी ढकलली, टेप लावला, आणि कागदावर गुणाकार केला तेव्हा कोडं सुटलं. तोवर दुसरे त्रास सुरू झाले होते. चाकाची त्रिज्या १७ मिलिमीटरने कमी झाली की गाडी तेवढी खाली बसते, पण स्टँडची लांबी तीच राहते. मधल्या स्टँडवर घेताना गाडी जास्त उचलावी लागते, कंबर बोलायला लागते. आणि साइड स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी राहते. माझी एकदा तशीच उजवीकडे कलंडली आणि टाकीला पोचा पडला. तो पोचा अजून आहे, मी काढून घेतला नाही.

तुझं दुखणं ऐंशीच्या थरथरीचं आहे. त्याला १७ दात पुरेसे आहेत. १९ ची चाकं राहू दे. सैल तारांचं काय करायचं ते इथल्या ताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता काम. या गाडीत मागचे ३८ दात ब्रेक ड्रमवरच ओतलेले आहेत, सुटं स्प्रॉकेट नाही, म्हणून बदल पुढेच करायचा. पुढचा एक दात मागच्या दोनांहून थोडा जास्तच परिणाम करतो, हेही डोक्यात असू दे. पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेलं असतं. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढ, खाली तेलाला भांडं ठेव, प्रायमरी कव्हरचा (इंजिन ते क्लच या चेनवरच्या झाकणाचा) मधला एकच नट सोड. मग आल्टरनेटर. त्यानंतर इंजिनचं स्प्रॉकेट, प्रायमरी चेन आणि क्लच एकत्र बाहेर येतात, कारण त्या चेनला जोड नसतो. क्लच ओढायला त्याचा पुलर लागतोच. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नकोस, कडा तुटतात. मग आतलं कव्हर काढलं की स्प्रॉकेट दिसेल. त्याचा नट फिरवण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघून घे, आणि लॉक वॉशर नवीनच टाक. इतकं उघडलंच आहेस तर मागचं ऑइल सील बदल. ते एवढंसं सील नंतर गळायला लागलं तर हे सगळं पुन्हा उघडावं लागतं. मिटवताना आल्टरनेटरची फट चारही बाजूंनी सारखी आहे ना ते बघ, रोटर कुठेही घासता कामा नये.

चेनबद्दल. एक दात वाढला की चेन साधारण अर्ध्या कडीइतकी जास्त लागते. ती वरच्या आणि खालच्या पदरात वाटली जाते, म्हणून चाक जेमतेम चार मिलिमीटर पुढे येईल. ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा असेल तर चेन तीच चालते. पण ती झिजलेली नसेल तरच. वीस कड्या ताणून मोज. नव्या चेनच्या वीस कड्या ३१७.५ मिलिमीटर भरतात, कारण पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, इंचाचा पाच अष्टमांश, नेमका १५.८७५ मिलिमीटर आहे. ३२३ च्या वर गेली असेल तर टाकून दे. झिजलेली चेन नव्या स्प्रॉकेटचे दात काही महिन्यांत खाते.

एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगतो. सोळा सम, चेनच्या कड्याही सम. म्हणजे एका दाताच्या वाट्याला कायम आतली कडी येते, शेजारच्याला कायम बाहेरची. सतरा झाले की प्रत्येक दाताला आलटून पालटून दोन्ही मिळतात आणि झीज सारखी वाटली जाते. विषम दातांचं स्प्रॉकेट म्हणून मला जास्त पटतं.

तारांचं_चाक

काकांशी पूर्ण सहमत. मी चाकं बांधते, तेव्हा चाकापुरतं बोलते.

तीन तारा सैल आहेत म्हणून चाक टाकायची गरज नाही, पण गंज कुठे आहे ते आधी बघ, दादा. टायर, ट्यूब, रिमची पट्टी काढ आणि निपलच्या (तारेचं टोक रिमला धरणाऱ्या नटाच्या) भोकांभोवती आतून बघ. वरून तांबूस दिसणारी रिम आतून ठणठणीत असू शकते, आणि वरून चकचकीत रिमला भोकांशी बारीक चिरा असू शकतात. चीर दिसली तर रिम बाद. नुसता वरचा गंज असेल आणि निपल फिरत असतील तर त्या तीन तारा बदलून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढता येते. निपल धरले असतील तर पूर्ण संचच बदल. जुन्या गंजक्या तारांत तीनच नव्या घातल्या तर ताण कधी सारखा बसत नाही.

टायरची निवड वाढावी म्हणून १८ चा मोह होत असेल तर तो १७ पेक्षा शहाणा आहे. ११०/९०-१८ चा बाहेरचा व्यास ६५५ मिलिमीटर येतो आणि घेर २०५८. तुझ्या १९ पेक्षा एक टक्का जास्त, म्हणजे गिअर, उंची, स्टँड सगळं जवळपास जिथल्या तिथे. पण तीन गोष्टी बघाव्या लागतील. तुझी रिम बहुतेक डब्ल्यूएम २ आहे, म्हणजे १.८५ इंच रुंद, तसा शिक्का शोध. ११० च्या टायरला निदान २.१५ ची रिम हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो फुग्यासारखा गोल होतो आणि वळणावर डोलतो. दुसरं, टायर दोन्ही बाजूंना तेरा-चौदा मिलिमीटर जास्त पसरेल आणि चेन डावीकडे आहे. जुन्या टायरवर तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी धरून चाक फिरव, चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीला) लागत असेल तर विषय संपला. जागा करायला रिम एका बाजूला सरकवून बांधणारे लोक आहेत. तसं करू नकोस, गाडी सरळ चालत नाही. तिसरं, तारा १९ च्या चालणार नाहीत, साधारण बारा मिलिमीटर आखूड लागतील.

रिम कुठलीही बांध, पण जुनी सोडवण्याआधी हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेव. रिम हबच्या मधोमधच असते असं धरून चालू नकोस. हे अंतर न मोजता सोडवलेली चाकं माझ्याकडे येतात, आणि मग सगळी गाडी दोरीने मापून मध्य शोधावा लागतो.

अलॉयबद्दल एकच. दुसऱ्या गाडीचं चाक आणताना सगळे स्पेसरचा विचार करतात, ब्रेक प्लेट विसरतात. ब्रेक दाबला की ती प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. तिला स्विंगआर्मचा आधार हवाच, तोही मूळ गाडीइतका भक्कम. पत्र्याच्या पट्टीवर ते भागत नाही. मी असं एक चाक परत पाठवलं होतं, बांधलं नाही.

मधला_स्टँड

माझं मत वेगळं आहे. सतरा कशाला, थेट अठरा टाका. माझ्या साडेतीनशेला गेली सहा वर्षं १८ आहे. ऐंशीला इंजिन ३१०० वर येतं आणि दिवसभर चालवली तरी अंग दुखत नाही. पहिल्या गिअरला क्लच थोडा जास्त वापरावा लागतो, एवढंच.

स्पीडोमीटरचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. केबल कुठून निघते ते बघा. पुढच्या चाकातून निघत असेल तर स्प्रॉकेट आणि मागचं चाक काहीही बदला, काटा खरंच सांगेल. मागच्या चाकातून निघत असेल तर मागच्या टायरचा घेर बदलला की चुकेल. आणि गिअरबॉक्समधून निघत असेल तर स्प्रॉकेट बदलल्यावरही चुकेल. तुमची पुढून असेल आणि पुढे १००/८०-१७ बसवलात तर घेर २०३५ चा १८५९ होतो. गाडी खरी ७३ ला असताना काटा ८० दाखवेल. ओडोमीटरही तितकाच पुढे धावेल.

सत्तर_बाय_नव्वद

तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तुम्ही एकटे चालवता आणि सपाटीवर चालवता, हे तुम्हीच मागे लिहिलं होतंत. हा डबलसीट जाणार आहे, सामानासकट. ३४६ सीसी, अठरा हॉर्सपॉवर. अठरा दात केले की मागच्या चाकावरची ओढ सोळाच्या तुलनेत ८९ टक्के राहते. सतराला ९४. चढावर हा फरक असा दिसतो की अठराच्या गाडीला टॉप ओढवत नाही, आणि तिसऱ्यात आणलं की गिअरचं प्रमाण एकदम १.३६ पट होतं. मधे काही नाही. चारच गिअर असलेल्या गाडीचं हेच आहे, गिअर इतके लांब लांब आहेत की टॉप आपल्याला परवडेल एवढाच उंच ठेवावा लागतो. टॉपमध्ये न पेलणारा चढ जबरदस्तीने चढवत राहिलं की इंजिन ठोके देतं, आणि ते ठोके मोठ्या आरपीएमच्या थरथरीपेक्षा वाईट.

लांबचा_रस्ता, एकटा फिरत असतास तर मीही अठरा म्हटलं असतं. उतारावर इंजिनचा ब्रेक सतरालाही थोडा कमी मिळेल, पहिले काही दिवस ते लक्षात ठेव.

लांबचा_रस्ता

काका, ताई, दादा, तिघांचेही मनापासून आभार. अलॉय मित्राला परत दिली.

काकांनी सांगितलं तसं खडूने मोजलं. मी गाडीवर बसलो, भावाने तीन फेऱ्या ढकलली, अंतर ६ मीटर ६ सेंटिमीटर भरलं. म्हणजे फेरीला २.०२ मीटर, हिशेबापेक्षा दीड सेंटिमीटर कमी. वजनाने टायर दबतो म्हणून असेल ना?

१७ चं स्प्रॉकेट बसवलं. दोन दिवस गेले, त्यातला अर्धा दिवस क्लच पुलर मिळवण्यात. जुन्या चेनच्या वीस कड्या ३२६ भरल्या, ती टाकली. जुन्या स्प्रॉकेटचे दातही आकड्यासारखे वळले होते, मी ते कधी पाहिलंच नव्हतं. ऑइल सील बदललं. केबल पुढच्या चाकातून निघते, त्यामुळे काट्याचा प्रश्न उरला नाही.

काल दोघं सामान घेऊन दीडशे किलोमीटर जाऊन आलो. थरथर गेली असं म्हणणार नाही, पण ती आता पंच्याऐंशीच्या पुढे सरकली आहे. ऐंशीला आरशात मागच्या गाडीचा दिवा गोल दिसतो. चढावर एक-दोनदा आधीच्यापेक्षा लवकर तिसरा टाकावा लागला. अठरा असते तर जास्त वेळा लागला असता हे समजलं. वडील याच गाडीवरून आम्हाला पुढे-मागे बसवून न्यायचे, तेव्हा ते पासष्टच्या पुढे कधी जात नसत. का ते आता कळलं.

दोन शंका. नवी चेन किती सैल ठेवू? आणि ताई, रिम आतून चांगली निघाली, तारांचा पूर्ण संच घेतलाय. बांधून झाल्यावर काय तपासू?

सत्तर_बाय_नव्वद

हो, दबतो. म्हणूनच बसून मोजायला सांगतो, तोच आकडा खरा.

चेन स्टँडवर मोजू नकोस. दोघं बसा आणि तिसऱ्याला बघायला सांग. वजनाने स्विंगआर्म वर येतो आणि गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. त्या स्थितीतही तिला थोडी ढील हवी. चाक हळूहळू फिरवून जिथे सर्वांत ताठ लागते तिथेच मोज. चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला, हे बसवताना एकदा डोळ्यांनी खात्री कर. मागचं चाक काढशीलच, तेव्हा ड्रममधले रबर हातात घेऊन बघ. चपटे झाले असतील तर बदल. गिअर टाकताना जो खाडकन आवाज येतो, तो बऱ्याचदा त्यांचाच असतो.

तारांचं_चाक

आधी वर-खालची आउट काढ, मग डावी-उजवी, आणि प्रत्येक वेळी निपल अर्धा फेराच फिरव. झालं की पान्याने एकेक तार हलकेच वाजव. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. जी बोदा वाजते ती सैल. निपलच्या वर आलेली टोकं कानशीने घासून सपाट कर, नाहीतर पट्टी फाडून ट्यूबमध्ये घुसतात. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा वाजव. नव्या तारा बसताना थोड्या सैलावतातच. तेव्हा एकदा आवळून घे.